ओठ बरा होईस्तोवर

अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या दवाखान्याच्या जागेत हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात. तिकडून जाताना मी ऑटोवाल्याला उगाच हळू घ्यायला सांगते. बाकं ठेवली होती तिथे आता काचेचं कपाट आहे. खुर्चीत पेशंटला बसवून मी त्याची हनुवटी वर करायची, त्या कोपऱ्यात पोरं चार्जर दाखवत उभी असतात. सकाळचे दहा वाजले की अजून माझे पाय चपला शोधतात. मग आठवतं, जायचं कुठे?

मी त्वचेची डॉक्टर. वऱ्हाडात आम्हाला सरळ ‘चमडीची डॉक्टरीण’ म्हणतात आणि मला ते आवडायचं. आमच्याकडे कुणी मरत नाही आणि कुणी पुरतं बरंही होत नाही, असं माझे यजमान चेष्टेनं म्हणायचे. ते वकील होते, त्यांच्या धंद्यालाही हे वाक्य चाललं असतं. खरूज, गजकर्ण, इसब, कोड असलं सगळं मी पाहिलं. पण आज लिहायला बसले तर आठवतो तो ओठावरचा एवढासा फोड. त्याच्यापायी माझ्यासमोर जितकी माणसं रडली, तितकी मोठ्या रोगांनी रडली नाहीत.

तुम्हीही तो पाहिला असेल. ओठाच्या कडेला आधी नुसती चुणचुण, जरा जळजळ. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस. ते फुटतात, ओलं राहतं, वर पिवळट खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत सगळं जागच्या जागी. कुणी म्हणतं ताप फुटला, कुणी म्हणतं कोळी मुतला. एका आजीबाईंनी मला शपथेवर सांगितलं होतं की झोपेत त्यांच्या ओठावरून पाल गेली. कोळी आणि पाल या बाबतीत पूर्ण निर्दोष आहेत. हे काम एका विषाणूचं. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, कुणीतरी लाडानं घेतलेल्या पाप्यातून किंवा उष्ट्या पेल्यातून. तो एकदा आला की जात नाही. चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी गप्प पडून राहतो. ताप आला, जागरण झालं, मनाला घोर लागला, बाईची पाळी आली, डोक्यावर कडक ऊन बसलं की त्याच नसेच्या वाटेनं पुन्हा ओठावर येतो. काही जणांना तो अंगात असूनही जन्मात एकदासुद्धा फोड येत नाही.

यावर लोक काय काय लावून येत! चुना, तुरटी, टूथपेस्ट. सगळ्यात घातक म्हणजे मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली ती ट्यूब, जी गोरं होण्यासाठी, खाजेसाठी आणि मुरुमांसाठी एकच वापरतात. तिच्यात स्टिरॉइड असतं. विषाणूला ते मानवतं, फोड पसरतो. खरा उपाय साधा आहे. चुणचुण सुरू होताच विषाणूवरची गोळी डॉक्टरला विचारून घ्यायची. फोड वर आल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी. फोडाला हात लावायचा नाही, लागलाच तर धुवायचा, आणि त्या हातानं डोळा तर मुळीच चोळायचा नाही. डोळ्यात गेला तर बुबुळावर डाग पडून नजर जाऊ शकते.

हे सगळं मी हजारदा सांगितलं असेल. पण ऐकणाऱ्याला खरी भीती वेगळीच असायची. तिवस्याची एक नवी सून आठवते. तिच्या नवऱ्यानं मोबाइलवर ‘हर्पीस’ हा शब्द वाचला आणि बायकोला माहेरी सोडून यायची तयारी केली. त्याच्या मते हा वाईट चालीचा रोग. तो, त्याची आई आणि मान खाली घातलेली ती पोर, तिघंही माझ्यासमोर बसली. या विषाणूच्या दोन जाती आहेत, ओठावरचा बहुधा घराघरात बालपणीच लागतो, त्याचा चालचलणुकीशी संबंध नाही, असं मी सांगितलं. मुलाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग मी सासूबाईंना विचारलं, “तुम्हाला कधी फुटतो का ओठावर ताप?”

“मले तं पोरपणापासून फुटते,” त्या सहज म्हणाल्या. “ह्याच्या बारशालेबी फुटला होता.”

मुलगा आईकडे पाहत राहिला. सून हुंदका देऊन रडली आणि सासूनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. ती तिघं एकाच मोटरसायकलवर दाटीवाटीनं बसून परत गेली. माझी मदतनीस शोभाताई खिडकीतून पाहत म्हणाली, “मॅडम, आज फी मांगाची राहूनच गेली.”

पण मला लिहायचं आहे ते दादारावांबद्दल.

दादाराव वलगावचे. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा मे महिना होता आणि त्यांच्या अंगावर लाल कोट होता, सोनेरी पट्ट्यांचा. वरात संपवून थेट आले होते. बाकावरच्या बायका सरकून बसल्या. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला तर वरचा ओठ मधोमध फोडांनी भरलेला आणि फुटून रक्त आलेलं.

“या ओठानं वाजवलंत?” मी विचारलं.

“वाजवलं नं. नवरदेव घोड्यावर बसला होता, मी काय सांगू त्याले, उतर म्हणून?”

ट्रम्पेट ओठांवर वाजतं, हे मला त्यांनी शिकवलं. वाद्याच्या पितळी, वाटीसारख्या तोंडावर ओठ घट्ट दाबून ते थरथरवायचे, तेव्हा सूर निघतो. वर चढायचं तर आणखी दाबायचं. फोड आला की सूर फाटतो. दर उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की त्यांचा ओठ उतायचा. ते म्हणत, “कोणीतरी करणी केली मॅडम, नाईतर सीझनलेच काहून येते?”

करणी उन्हाची होती. अमरावतीच्या मे महिन्यात भर दुपारी वरातीपुढे चालायचं, ओठ उघडा, वरून पितळ तापलेलं. मी त्यांना गोळ्या दिल्या, चुणचुण लागताच घ्यायला सांगितल्या. उन्हापासून जपायला ओठाला लावायचं मलम लिहून दिलं.

“म्हंजे लिपस्टिक?”

“रंग नसतो तिला.”

“तरीबी लिपस्टिकच नं? बँडमदले पोट्टे मले नवरी म्हनतीन.”

“म्हणू देत. सूर तर लागेल.”

आणखी एक सांगितलं, की आपल्या वाद्याचं तोंड दुसऱ्याला द्यायचं नाही आणि दुसऱ्याचं घ्यायचं नाही. ते त्यांना जड गेलं. एकमेकांची वाद्यं फुंकून पाहणं ही त्या लोकांची मैत्री होती. पण त्यांनी ऐकलं. पुढच्या सीझनला एकदाच फोड आला, तोही लहान. मग ते दर वर्षी लग्नसराईच्या आधी यायचे, काही झालेलं नसलं तरी. खुर्चीत बसून हनुवटी वर करायचे आणि मी बॅटरीनं ओठ पाहायची. “साफ आहे,” म्हटलं की उठायचे. दारात घुटमळून काहीतरी बोलायचे. अशाच एका घुटमळण्यात मला त्यांच्या मुलीचं कळलं.

वंदना. एकुलती एक. आईविना वाढवलेली. नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली आणि तिथे तिनं आपल्या मनानं दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न ठरवलं. दादारावांना ते पटलं नाही, ते गेले नाहीत. तिनं कोर्टात लग्न केलं आणि त्यानंतर बापलेकींचं बोलणं बंद.

“पंचक्रोशीतल्या पोरींच्या वराती वाजवल्या मॅडम,” ते दाराची कडी धरून म्हणाले. “माही पोरगी बिना बाजानं गेली. त्या दिवशी मी इकडं तिसऱ्याच्याच लग्नात वाजवून राहिलो होतो.”

“मग आता जा ना भेटायला.”

“कोन्या तोंडानं?”

पुढची काही वर्षं ते आले की मी वंदनाचं विचारायची आणि ते मान हलवायचे. घरी गमत नाही म्हणायचे. आमच्याकडे करमत नाही याला गमत नाही म्हणतात. तो शब्द त्यांच्या तोंडून इतका हळू यायचा की शोभाताई हातातलं काम थांबवायची.

मग एका शनिवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले दिसले. अंगात नवा पांढरा सदरा, हातात पिशवी. तोंडावर रुमाल. आत येऊन त्यांनी आधी पिशवीतून चांदीचे वाळे काढून दाखवले, इवलेसे, माझ्या अंगठ्यात बसतील एवढे.

“वंदनाले पोरगा झाला,” ते म्हणाले. “उद्या बारसं. फोन आला तिचा. सोता बोलली. बाबा या म्हने.”

बोलताना त्यांचा आवाज रुमालातून येत होता. मी तो काढायला लावला. खालच्या ओठावर डाव्या कडेला ताजा घोस, फुटायच्या बेतात. फोन आल्यापासून त्यांना झोप लागली नव्हती. ऊन नाही, वरात नाही. हा फोड आनंदाच्या जागरणाचा होता.

“गोळी घेतली काल,” ते म्हणाले. “उद्यापर्यंत फोड जाईन नं?”

मी हात धुतले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. मोठ्या माणसाला हा फोड आठ दिवसांचा त्रास आहे. महिन्याच्या आतल्या बाळाचा तो जीव घेऊ शकतो. तान्ह्याच्या अंगात अजून लढायची ताकद आलेली नसते. कुणी कौतुकानं पापा घेतला, विषाणू गेला, की तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. बाळ दूध ओढेनासं होतं, सुस्त पडतं, आणि कळेपर्यंत फार उशीर होतो. मी हे त्यांना असंच सांगितलं, काही लपवलं नाही.

त्यांनी वाळे मुठीत धरले.

“मंग जाऊच नोको?”

“जा. पण मास्क काढायचा नाही. बाळाला मांडीवर घ्यायचं नाही, पापा घ्यायचा नाही, लांब बसायचं. खपली पडून खालची कातडी कोरडी, साफ होईपर्यंत. मग मी स्वतः सांगेन, तेव्हा घ्या.”

“अन् तिले काय सांगू?”

“हेच. ती नर्स आहे, लगेच समजेल. आत्ताच फोन करा.”

त्यांनी वाळे पुन्हा पिशवीत ठेवले. मग म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्सांनी लेकीसंगं बोलाचं, अन् पयली गोष्ट काय सांगू, का माह्या तोंडाले रोग हाय म्हनून?”

शोभाताईनं त्यांना मास्कची अख्खी पुडी दिली.

दर रविवारी मी शोभाताईला घेऊन अकोल्याला पेशंट तपासायला जायची. अकोला माझं माहेर, तिथल्या एका मैत्रिणीच्या दवाखान्यात बसायची. त्या रविवारी दुपारी शेवटचे पेशंट सुरू असताना शोभाताईनं फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे दादाराव होते, आणि मागे बायकांचा गलका.

“मॅडम, पोरगी रडून राहिली. तिनं लेकरू माह्यापुढं धरलं अन् मी हात मांगं घेतले. सारे पाहूनच राहिले. ती म्हनते, बाबा, तुमच्या मनातलं अजून गेलंच नाही.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“तोंडातून शब्दच नाही निंगला.”

मी पत्ता विचारला. ऑटोनं दहा मिनिटांचं अंतर होतं. जाताना शोभाताई म्हणाली, “आपन कोन त्याइचे, बारशाले जायाले?” पण तिनंही पदर खोचला होता.

घरासमोर छोटा मांडव होता. फाटकाजवळ, सगळ्यांपासून लांब, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दादाराव बसले होते, मास्क लावून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मला पाहून ते उभे राहिले.

“मी सांगू का तिला?” मी विचारलं. “तुमची परवानगी हवी.”

त्यांनी मान डोलावली.

वंदना आतल्या खोलीत होती. काजळ ओघळलेलं, मांडीवर बाळ. मी माझं नाव सांगितलं, तिच्या वडिलांवर किती वर्षं उपचार करते ते सांगितलं, आणि मग ओठावरच्या फोडाबद्दल सांगितलं. पुढचं सांगावंच लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी नर्स आली. तिनं बाळाचं डोकं छातीशी घेतलं. मग मुलगी आली.

“एवढंच होतं?” ती म्हणाली. “मंग बोलले काहून नाही?”

“तुला पाहिल्यावर त्यांना बोलता आलं नाही.”

“मी समजली का अजूनबी जातीचंच मनात हाय. माह्या पोराले शिवत नाई म्हने माहा बाप.” तिनं डोळे पुसले. “सासूबाई मले म्हनल्या, पोरी, जाऊ दे, आला हेच लय झालं.”

तिनं बाळ सासूच्या हातात दिलं आणि बाहेर निघाली. मांडवातल्या बायकांनी वाट दिली. दादाराव पुन्हा खुर्चीवर बसले होते, ते दचकून उठले आणि दोन पावलं मागे सरकले.

“दूर राह्य माय,” ते म्हणाले. “माहा ओठ खराब हाय.”

“बाबा, लेकराले धरता येत नाई तुमाले,” वंदना म्हणाली. “मले तं येते नं?”

ते माझ्याकडे पाहायला लागले. भर मांडवात, सगळ्या पाहुण्यांदेखत, त्या माणसानं नजरेनं माझी परवानगी मागितली. मी म्हटलं, “मास्क राहू द्या. आणि वंदना, नंतर साबणानं हात धू, साडी बदल, मगच बाळाला घे.”

तिनं त्यांना मिठी मारली. दादारावांनी तोंड एका बाजूला वळवलं, हात मात्र तिच्या पाठीवर टेकवले. पाळण्याजवळ आत्याबाई नाव ठेवायला ताटकळल्या होत्या, कुणीच त्यांना हाक मारली नाही. थोड्या वेळानं सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी बाळाचं तोंड फाटकाकडे करून धरलं. दादाराव तिथूनच पाहत राहिले. वाळे शोभाताईनं धुऊन नेऊन दिले.

त्यानंतरचे दिवस ते रोज दवाखान्यात यायचे. वलगावहून, ऑटोनं, फक्त ओठ दाखवायला. खपली धरली. “आता?” नाही. खपली अर्धी सुटली. “आता?” अजून नाही. बाळ महिन्यापलीकडे जाऊ द्या, असंही मी म्हटलं, कारण फोड नसतानाही कधी कधी, आणि तो नुकताच बरा झाला असेल तर जास्तच, लाळेतून विषाणू बाहेर पडतो. ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. मोबाइलवर वंदनानं पाठवलेले फोटो दाखवायचे आणि खिशात ठेवायचे. शेवटी एक दिवस मी बॅटरी बंद केली आणि म्हटलं, “जा.”

ते परत आले तेव्हा पेढे घेऊन आले. मी विचारलं, कसं वाटलं. ते जरा वेळ पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

“चांगलं वाटलं. छातीवरच झोपला माह्या,” ते म्हणाले. “पन मोठा झाला मॅडम तो. फाटकातून पाह्यला होता तवा येवढासा होता. तो येवढासावाला मले नाही भेटला.”

मला वाटतं, माझ्या सगळ्या कामात जे काही दिलं त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच. गोळी देणं सोपं असतं. थांबायला लावणं अवघड, आणि थांबलेल्याचं जे गेलं ते परत देता येत नाही. तरी त्या दिवशी पुन्हा तोच पेशंट समोर बसला तर मी तेच सांगीन.

यजमान गेले, माझे गुडघे गेले, दवाखाना बंद केला. शोभाताई मुलाकडे नागपूरला गेली. दादारावांनी बँड सोडला, पुढचे दात पडले म्हणून. वंदनाचा मुलगा आता शाळेत जातो. मधूनमधून तिचा फोन येतो. माझा दिवस त्या फोनवर जातो.

या वर्षी उन्हाळ्यात तिनं कळवलं की तिला मुलगी झाली आहे. आणि मग म्हणाली, “मॅडम, बाबा म्हनतात, मॅडम पाहतीन तवाच मी येईन. मी म्हटलं त्याइचा दवाखाना बंद झाला. ऐकतच नाहीत.”

“पाठव त्यांना घरी,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव आले. केस पूर्ण पांढरे, अंगात इस्त्रीचा सदरा, तोंडावर मास्क. मी चहा टाकला. माझ्याकडे बॅटरी नव्हती. ती कुठल्याशा खोक्यात बांधलेली, सापडेना. मी त्यांना दारापुढच्या ओट्यावर उन्हात खुर्ची दिली. त्यांनी मास्क काढला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. किती दिवसांनी कुणी माझ्यापुढे अशी हनुवटी वर केली होती! मी चष्मा लावला. वरचा ओठ पाहिला, खालचा पाहिला, कडा पाहिल्या, आत उलटून पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच खात्री झाली होती, पण हात काढवत नव्हता.

“चुणचुण?”

“नाही.”

“ताप?”

“नाही.”

“घरात गेल्या गेल्या हात धुवा. मांडीवर घ्या, छातीवर झोपवा. पापा मात्र महिन्याची झाल्यावर.”

“म्हंजे आजच घेऊ मांडीवर?”

“आजच घ्या.”

“पक्कं नं मॅडम?”

“पक्कं, दादाराव. काही नाही ओठाला.”

त्यांनी डोळे उघडले. चहा घ्या म्हणेपर्यंत ते पायऱ्या उतरून गेले होते, चपलेचा अंगठा नीट न अडकवताच. फाटक उघडंच राहिलं. रस्त्यावर त्यांनी ऑटोला हात केला, तो थांबला नाही, तर ते त्याच्यामागे पळत सुटले, या वयात, हाक मारत. मी ओट्यावर उभी होते. उतू गेलेल्या चहाचा वास आतून येत होता, आणि त्यांच्या दाढीचे खुंट माझ्या बोटांना अजून टोचत होते.